नळाला पाणी आल्याचा आनंद किती दिवस टिकतो?

मराठवाड्यातल्या ज्या गल्ल्यांना आठ-आठ दिवसांनी पाणी मिळतं, तिथं 'पाणी सुटलं!' ही हाक आली की सगळं घर उठतं. मोटार लागते, नळी ओढली जाते. हौद, टिपाड, घागरी, कळशा आणि शेवटी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून होतात. साठलेलं धुणं निघतं, अंगण धुतलं जातं, कुंडीतल्या तुळशीला पोटभर पाणी मिळतं. त्या दिवशी दुपारी घरातली बाई जशी निवांत बसलेली दिसते, तशी ती सणाच्या दिवशीही दिसत नाही.

याच घरातला मुलगा शिकून पुण्याला नोकरीला लागतो. फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी. सुरुवातीला नळ सोडला की त्याला बरं वाटतं, फोनवर आईला कौतुकानं सांगतोही. वर्ष सरायच्या आत तोच मुलगा गिझरचं पाणी तापायला जरा वेळ लागला म्हणून वैतागलेला असतो. आई म्हणते, 'मागचे दिवस विसरलास रे.' आईचं म्हणणं खरं आहे, पण त्यात मुलावर थोडा अन्यायही आहे. तो माजलेला नाही. त्याच्या मेंदूनं आपलं नेहमीचं काम केलंय, आणि तेच काम तो तुमच्या-माझ्या डोक्यातही रोज करतो.

हे काम नेमकं काय असतं, मिळालेल्या चांगल्या गोष्टीची सवय कशी होते, रोजच्या जगण्यातला आनंद नजरेआड का होतो आणि तो पुन्हा दिसावा म्हणून काय करता येतं, हे इथं समजून घेऊ. 'समाधानी राहा, कृतज्ञ राहा' असे निरोप सकाळी उठल्या उठल्या मोबाइलवर येतच असतात. ते पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण समाधानी राहायचं कसं, आणि एवढं सोपं वाटणारं काम जमत का नाही, हे त्यात नसतं. गेल्या पन्नासेक वर्षांत मानसशास्त्रानं याच दोन प्रश्नांवर बरंच खोदकाम केलं आहे.

सवय होते म्हणजे काय होतं

नवी बांगडी हातात भरली की तिचं वजन जाणवतं. संध्याकाळपर्यंत ते जाणवेनासं होतं. बांगडी तेवढीच जड असते, पण 'इथं काही बदललेलं नाही' हे कळल्यावर शरीर तिची बातमी मेंदूला देणं कमी करतं. सुखदुःखाच्या बाबतीतही असंच काहीसं घडतं, असं फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्बेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलं. परिस्थिती सुधारली की माणूस आनंदतो, मग ती सुधारलेली परिस्थितीच त्याची नवी पातळी होते आणि तो पुन्हा आधीइतकाच खूश किंवा नाखूश होतो.

१९७८ मध्ये ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातले लॉटरी लागलेले २२ जण गाठले, अपघातानं अंग लुळं पडलेले २९ जण गाठले, आणि तुलनेसाठी यातलं काहीच न घडलेले २२ जण घेतले. लॉटरीवाले त्या साध्या लोकांपेक्षा फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. या अभ्यासातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग मात्र पुढं आहे. या सगळ्यांना रोजच्या बारक्या गोष्टींबद्दल विचारलं होतं: मित्राशी गप्पा मारणं, टीव्ही बघणं, सकाळची न्याहारी, कुणीतरी सांगितलेला विनोद, कुणी केलेलं कौतुक. लॉटरी लागलेल्यांना या गोष्टींत इतरांपेक्षा कमी गोडी वाटत होती. एक मोठा आनंद येऊन गेला आणि जाताना लहान आनंदांची चव घेऊन गेला.

हा अभ्यास अनेकदा अर्धाच सांगितला जातो, म्हणून दोन गोष्टी लगेच नोंदवतो. अपघातग्रस्त माणसं पूर्ववत सुखी झाली, असं त्यात आढळलं नव्हतं. ती कमी सुखीच होती, फक्त लोक समजतात तितकी दुःखी नव्हती. आणि 'पैशानं काहीच फरक पडत नाही' हा निष्कर्षही टिकत नाही. स्वीडनमध्ये लॉटरी जिंकलेल्यांचा खूप मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मोठी रक्कम मिळालेल्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान दहा वर्षांनंतरही वाढलेलंच होतं. अंगावरचं कर्ज फिटणं, डोक्यावर पक्कं छप्पर येणं, दवाखान्याचा खर्च झेपणं यानं माणसाचं जगणं खरोखर हलकं होतं. जिच्या हातात दोन पैसे नाहीत तिला 'पैशात सुख नसतं' असं कुणी सांगू नये.

सवयीमागं मेंदूत काय चालतं, याचा एक धागा वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून हाती लागला. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन सोडतात. माकडाच्या तोंडात अचानक फळांच्या रसाचा थेंब पडला की या पेशी जोरात चेततात. मग दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाला कळतं. त्यानंतर पेशी दिवा लागताच चेततात, आणि प्रत्यक्ष रस मिळतो तेव्हा गप्प राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचं काम नेहमीपेक्षाही खाली जातं. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत शुल्ट्झ यांनी १९९७ मध्ये याची मांडणी केली. या पेशी मिळालेल्या गोष्टीची किंमत मोजत नाहीत, मिळालेलं आणि अपेक्षित यांच्यातला फरक मोजतात.

आता पुण्यातल्या त्या मुलाकडं पाहा. नळ सोडला की पाणी येणारच, ही त्याची पक्की अपेक्षा आहे. पाणी आलं तर फरक शून्य. नाही आलं तर मात्र तोटा. लातूरच्या गल्लीत पाणी आज येईल की उद्या, याचा भरवसा नसतो, म्हणून तिथं ते आलं की मनही चेततं.

मेंदूची ही रीत काही खोट नव्हे. सवय होत नसती तर दुःखही कधी बोथट झालं नसतं. घरातलं माणूस गेल्यावर बाराव्या-तेराव्यानंतर चूल पुन्हा पेटते, पेरणी करावी लागते आणि ती होते, याला हीच सवय कारण आहे. तिनं दुःखातून वर काढावं आणि सुखातून मात्र खाली आणू नये, अशी सोय निसर्गानं ठेवलेली नाही.

आठ मार्क कुठं गेले

सवयीच्या जोडीला आणखी एक गोष्ट काम करते. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ढीगभर संशोधनाचा आढावा घेऊन दाखवलं की वाईट गोष्टीचा मनावरचा ठसा चांगल्या गोष्टीच्या ठशापेक्षा खोल असतो. शंभर रुपये सापडल्याचा आनंद आणि शंभर हरवल्याची चुटपुट सारखी नसते. दिवसभर दहा जण गोड बोलले आणि एक जण टोचून बोलला, तर रात्री अंथरुणावर तो एकच आठवतो. याचं कारण समजणं अवघड नाही. रानात राहणाऱ्या आपल्या पूर्वजानं पिकलेलं बोर नजरेआड केलं तर एक बोर गेलं. गवतातला साप नजरेआड केला तर जीव गेला. सापाकडं आधी पाहणारे जगले, आणि आपण त्यांचीच लेकरं.

आमच्या भागात हे निकालाच्या दिवशी दिसतं. पोरगं ब्याण्णव टक्के घेऊन येतं आणि घरातलं पहिलं वाक्य असतं, 'आठ कुठं गेले?' बापाला आनंद झालेला नसतो असं नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर लातूरच्या शिकवण्यांच्या फलकांवरचे फोटो असतात, शेजारच्या पोरीचे सत्त्याण्णव असतात. आपण जे मिळालं ते नुसतं पाहतच नाही, कुणाच्या तरी मापानं मोजून पाहतो. पूर्वी हे माप गावापुरतं होतं. आता मोबाइलच्या स्टेटसवर सगळ्या जगाचे सत्त्याण्णव टक्के रोज दिसतात.

तेव्हा रोजचा आनंद न दिसणं हा स्वभावाचा दोष मानून स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही. नजर मुळातच दुसरीकडं वळवलेली आहे. ती थोडी आपल्या हातानं वळवावी लागते, आणि त्यासाठी थोडी मेहनत पडते.

कशाबद्दल, आणि कुणामुळं

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांचा २००३ चा अभ्यास या विषयात पायाचा मानतात. विद्यार्थ्यांचे तीन गट केले. दहा आठवडे, आठवड्यातून एकदा लिहायचं. पहिल्या गटानं ज्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटली अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं ज्यांचा त्रास झाला त्या, तिसऱ्यानं आठवड्यात जे घडलं ते नुसतं. दहा आठवड्यांनी पहिला गट आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होता, येणाऱ्या आठवड्याकडं जास्त आशेनं पाहत होता. त्यांच्या अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारीही कमी होत्या.

हे वाचून बरेच जण वही आणतात आणि रोज लिहायला लागतात: घर, आई-वडील, आरोग्य, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पंधरा दिवसांत वही गादीखाली जाते. यात काय बिघडतं तेही तपासलं गेलंय. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवडे दोन गटांना असंच लिहायला लावलं, एका गटाला आठवड्यातून एकदा, दुसऱ्याला तीनदा. फरक एकदा लिहिणाऱ्यांना पडला. तीनदा लिहिणाऱ्यांना पडला नाही. कारण बहुधा हे: जाण ठेवण्याचीही सवय होते! ज्या गोष्टीनं सवय मोडायची तीच नित्याची झाली, की तिच्यातलाही जीव जातो. प्रत्येकाला एकच माप लागू पडेल असं नाही, पण मोजकं आणि मनापासून हे धोरण बरं.

दुसरी गोष्ट नेमकेपणाची. 'आई' असं लिहिलं की मन हलत नाही. 'मंगळवारी मला यायला उशीर झाला तर आईनं भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवली होती, आणि मी जेवेपर्यंत ती जागी होती' असं लिहिलं की काहीतरी हलतं, कारण आता डोळ्यांसमोर एक रात्र उभी राहते, एक माणूस दिसतो. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये जो प्रयोग केला त्यात हाच गाभा होता. आठवडाभर रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, आणि प्रत्येकीपुढं ती *का* घडली ते लिहायचं. आठवड्याच्या या खटाटोपाचा फायदा सहा महिन्यांनंतरही मोजता आला, विशेषतः ज्यांनी ते पुढं आपणहून चालू ठेवलं त्यांच्यात.

'का' लिहायला बसलं की खरी गंमत कळते. आज वेळेवर ऑफिसला पोचलो. का? एस.टी. वेळेवर आली. का? चालक पहाटे डेपोत हजर होता, म्हणजे त्याच्या घरी कुणीतरी त्याच्याही आधी उठून डबा केला होता. आपल्या एका साध्या दिवसाखाली किती माणसांचे हात लागलेले असतात, हे या एका प्रश्नानं दिसायला लागतं. दृष्टी बदलते ती इथं, आणि कुणी उपदेश न करता बदलते.

हे नसतं तर

मिन्क्युंग कू आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक वेगळी वाट शोधली. त्यांनी जोडप्यांतल्या काही जणांना विचारलं, तुमची भेट कशी झाली ते लिहा. काहींना विचारलं, ही भेट कशी *झालीच नसती* ते लिहा. दुसऱ्या गटाचं आपल्या नात्याबद्दलचं समाधान वाढलं. आश्चर्य म्हणजे लोकांचा आधीचा अंदाज उलटा होता. आठवणी काढल्या की आनंद होईल, नसण्याची कल्पना केली की वाईट वाटेल, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण जे घडलं त्याची गोष्ट आपण शंभर वेळा सांगितलेली असते, ती बोथट झालेली असते. जे हुकलं असतं त्याचा विचार मात्र त्या गोष्टीला पुन्हा अनपेक्षित बनवतो, आणि डोपामिनच्या पेशींना फरक लागतो हे आपण पाहिलंच.

लातूरकरांना हा प्रयोग करायला कल्पनाशक्ती ताणावी लागत नाही. २०१६ चा उन्हाळा आठवला तरी पुरे. शहराला पाणी देणारं मांजरा धरण आटलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावलं होतं. मग १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. 'जलदूत' हे तिचं नाव सगळ्या देशाला कळलं. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेवटी एवढा पाऊस झाला की तेच मांजरा धरण भरलं. त्या उन्हाळ्यात ज्यांनी भांडी घासलेलं पाणी झाडाला आणि कपडे धुतलेलं पाणी संडासात वापरलं, त्यांच्या घरात आजही पाहुण्याला पाणी देताना पेला अर्धा भरून देतात आणि लागलं तर परत देतात. पाहुणा नवा असला तर त्याला ते कंजूषपणाचं वाटतं. मला ती पाण्याची ठेवलेली जाण वाटते.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. 'नसतं तर' हा खेळ आपल्याजवळ असलेल्या गोष्टीबद्दल, आपल्याच मनात खेळायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात ज्यांची माणसं ढिगाऱ्याखाली गेली, त्यांच्याकडं बोट दाखवून 'बघा, तुमचं किती बरं आहे' असं कुणाला सांगणं म्हणजे एकाच्या दुःखाचं दुसऱ्याला औषध करणं. दुसऱ्याचं वाईट पाहून वाटणारा दिलासा ही वेगळी भावना आहे. तिला कृतज्ञता मानण्याची गल्लत फार होते.

हुरडा गार होऊ देऊ नये

जॉर्डी क्वाडबाक आणि एलिझाबेथ डन यांनी २०१३ मध्ये लोकांना चॉकलेट दिलं. मग आठवडाभर एका गटाला चॉकलेट बंद केलं, दुसऱ्याला भरपूर देऊन हवं तेवढं खा म्हणून सांगितलं, तिसऱ्याला काहीच सांगितलं नाही. आठवड्यानं सगळ्यांना पुन्हा चॉकलेट दिलं, तेव्हा ज्यांचं बंद होतं त्यांनाच ते जास्त चवदार लागलं. मधे पडलेला खंड सवय मोडतो. आपल्या खाण्यापिण्यात हा खंड ऋतूंनीच घालून ठेवला होता. आंबा उन्हाळ्यातच, बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ पावसाळा सरताना, हुरडा थंडीतच. आता बऱ्याच गोष्टी बाराही महिने मिळतात, ही सोय चांगलीच आहे, फक्त खंड आपला आपल्याला घालावा लागतो.

मिळालेला क्षण चवीचवीनं घेणं, याचा अभ्यास फ्रेड ब्रायंट आणि जोसेफ व्हेरॉफ यांनी केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की आनंददायक गोष्ट घडणं आणि तिचा आनंद घेता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी लक्ष लागतं. मन किती भटकतं याचा अंदाज २०१० मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी घेतला. त्यांनी २,२५० जणांना दिवसात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि मन भटकलेलं असताना माणसं कमी आनंदी होती, भटकून ते साध्यासुध्या विचारांत गेलेलं असलं तरी.

मन हातातल्या गोष्टीत कसं राहतं हे बघायचं असेल तर जानेवारीत शेतात हुरड्याला जावं. खड्डा करून त्यात गोवऱ्यांची आगटी पेटवलेली असते. निखाऱ्यात कोवळी कणसं खुपसतात. हिरव्या दाण्यांवर काळसर डाग पडले की कणीस बाहेर येतं, ते भाजणारा माणूस तळव्यावर घेऊन चोळतो, चटका सोसत, फुंकर मारत. कोंडा उडतो आणि वाफाळलेले दाणे समोरच्या ओंजळीत येतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा, दही, जमली तर बोरं. दाणे गरम आहेत तोवरच त्यांना ती दुधाळ गोडी असते, गार झाले की चिवट होतात. म्हणून कुणी 'नंतर खातो' म्हणत नाही. दोन्ही हात कोंड्यानं आणि चटणीनं भरलेले, त्यामुळं खिशातला फोन वाजला तरी निघत नाही. भाजणारा एक, चोळणारा दुसरा, खाणारे गोल बसलेले, म्हणजे बोलणंही आपोआप होतं. लक्ष आणि खंड या ज्या दोन गोष्टींवर संशोधकांनी एवढा भर दिला, त्या तिथं आपसूक जमून येतात, आणि जोडीला सोबतही असते. घरच्या जेवणात त्या आणायच्या तर मुद्दाम आणाव्या लागतील: ताटावर बसताना फोन दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, पहिला घास तरी सावकाश.

हे कुणाला सांगू नये

आता थोडं स्पष्ट बोलायला हवं. या सगळ्या उपायांचा गुण मोजला तर तो लहान भरतो. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी २०२१ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले. नैराश्य आणि चिंतेवर असल्या लिखाणाचा परिणाम अल्प होता, आणि या त्रासासाठी लोकांनी याऐवजी सिद्ध झालेले उपचार घ्यावेत, असं त्यांनी सुचवलं. ज्याला झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच राम वाटत नाही, जगणं नकोसं वाटतं, त्याच्या हाती वही देऊन भागत नाही. त्याला डॉक्टरांकडं न्यायचं असतं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा असं मला कळकळीनं वाटतं.

आणि एक. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यात उभी सोयाबीन कुजली, नदीकाठची माती खरवडून गेली. अशा शेतकऱ्यापुढं 'आहे त्यात समाधान मानावं' हे वाक्य उच्चारू नये. त्याला पंचनामा वेळेवर हवा असतो, विम्याचे पैसे हवे असतात, मालाला भाव हवा असतो. सासरी राबणाऱ्या सुनेला, कोयता घेऊन सहा महिने गाव सोडणाऱ्या ऊसतोड बाईला, पगार थकलेल्या कामगाराला समाधानाचा उपदेश करणारे बहुतेक वेळा स्वतः सोयीच्या जागी बसलेले असतात. जाण ठेवणं ज्याचं त्यानं करायचं असतं. दुसऱ्यावर लादलं की ते तोंड बंद करण्याचं साधन होतं. जो माणूस शेजाऱ्यानं अडचणीत दिलेल्या बैलजोडीची जाण ठेवतो, तोच माणूस तहसीलवर मोर्चाही नेऊ शकतो. दोन्हींत काही विरोध नाही.

आज आवतण घ्या

आमच्याकडं जाण ठेवण्याच्या रीती जुन्या आहेत, आणि त्या बारकाईनं पाहिल्या तर प्रयोगशाळेत निघालेले बरेच निष्कर्ष त्यांत सापडतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर, खांद्यावर कातडी राठ झालेली असते. तो खांदा कोमट पाण्यानं धुऊन त्याला हळद आणि लोणी चोळतात. चोळणाऱ्याच्या बोटांना घट्टे लागतात, कुठं जुनं खरचटलेलं लागतं. आणि चोळता चोळता बैलाच्या कानाशी म्हणतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' यात मोघम काहीच नाही. ज्या जागेनं ओझं वाहिलं त्याच जागेवर हात फिरतो, आणि ज्यानं वाहिलं त्यालाच, 'अहो-जाहो' करून, सांगितलं जातं. वर्षातून एकदाच, म्हणून ते गुळगुळीत होत नाही.

लातूर-धाराशिवकडची वेळ अमावस्या आणखी एक गोष्ट दाखवते. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची खोप करून तिच्यात पांडवांची पूजा होते, आंबील, भज्जी, उंड्यांचं जेवण होतं, ज्याला शेत नाही त्याला हातानं धरून नेतात. पण त्या वेळी रब्बीची ज्वारी अजून उभी असते. काढणी पुढं आहे, पीक हाती येईल की गारपिटीत जाईल कुणाला ठाऊक नसतं. माल घरात आल्यावर आभार मानणं सोपं. इथं शेतकरी आधीच जेवू घालतो आणि मातीला मान देतो.

बैलाशी, मातीशी बोलणारे आपण माणसाशी मात्र बोलत नाही. 'आपल्या माणसाला काय सांगायचं, त्याला कळतंच की' असं म्हणून ते राहून जातं. सेलिगमन यांच्या त्याच २००५ च्या अभ्यासात काही जणांना सांगितलं होतं, ज्याचे उपकार आपण कधी बोलून दाखवले नाहीत अशा माणसाला पत्र लिहा आणि स्वतः नेऊन द्या. सगळ्या उपायांत लगेच सर्वात जास्त आनंद याच उपायानं दिला, आणि तो महिनाभर टिकलाही. पुढं तो ओसरला. मग लोक असं करत का नाहीत? अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये याचं उत्तर काढलं. पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, आपल्याला शब्द नीट जमणार नाहीत. पत्र मिळालेल्यांना विचारलं तेव्हा त्यांना अंदाजापेक्षा खूप कमी अवघडल्यासारखं आणि खूप जास्त छान वाटलं होतं. लिहिणारे भाषेची काळजी करत होते, वाचणाऱ्यांना त्यातली माया दिसली होती.

म्हणून भाषेची फिकीर सोडावी. 'तुमचे अनंत उपकार आहेत' यातून काही पोचत नाही. गावाकडं निवृत्त होऊन बसलेल्या गुरुजींना सांगायचं तर असं सांगावं: 'गुरुजी, दहावीच्या वर्षी तुम्ही मला संध्याकाळी घरी बोलवून बीजगणित शिकवलं. फी घेतली नाही. काकू आधी मला खायला द्यायच्या, मग पुस्तक उघडू द्यायच्या. त्या वर्षी मी पास झालो म्हणून पॉलिटेक्निकला लागलो.' काय केलं, कसं केलं, त्यातून पुढं काय झालं, एवढं आलं की पुरे. बोलताना गळा दाटेल अशी भीती असेल तर कागदावर लिहून न्यावं आणि समोर बसून वाचून दाखवावं. त्या प्रयोगातल्या लोकांनीही पत्र टपालात टाकलं नव्हतं, ते स्वतः घेऊन गेले होते.